ट्राबांट पुठ्ठ्याची नव्हती

पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागले की सोबत ठरलेला मजकूर येतो : ही गाडी पुठ्ठ्याची होती, पावसात भिजून नरम पडे आणि तीस वर्षांत तिच्यात काडीचाही बदल झाला नाही. यातील पहिली दोन विधाने साफ खोटी आहेत आणि तिसरे अर्धसत्य आहे.

ट्राबांटचा सांगाडा पोलादीच होता. पत्र्याचा तुटवडा असल्यामुळे दारे, मडगार्ड, छप्पर यांची बाहेरची आवरणे मात्र ड्युरोप्लास्टची केली गेली. सोव्हिएत संघातून येणाऱ्या कापसाच्या टाकाऊ तंतूंचे थर फिनॉलिक रेझिन या कृत्रिम राळेसह तापलेल्या साच्यात जबर दाबाखाली दाबले की हा टणक पदार्थ तयार होतो, आणि एकदा घट्ट झाल्यावर तो पुन्हा वितळवता येत नाही. जर्मनीच्या एकीकरणानंतर भंगारात निघालेल्या ट्राबांटची विल्हेवाट लावणे जिकिरीचे झाले ते याच गुणामुळे. पुठ्ठा असता तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

पावसाचे म्हणाल, तर ड्युरोप्लास्ट गंजतसुद्धा नाही. गंजतो तो आतला पोलादी भाग. म्हणूनच जपून ठेवलेली ट्राबांट ६०१ पारखताना तिच्या चकचकीत दारांवर भाळू नये. खाली वाकून दारांखालचे पोलाद आणि तळाचा पत्रा नीट तपासावा, कारण वरचे आवरण शाबूत दिसत असतानाही आत गंजाने सांगाडा पोखरलेला असू शकतो.

बदलांविषयी सांगायचे, तर पूर्व जर्मनीतल्या त्स्विकाउ शहरातील ट्राबांटच्या कारखान्यात १९५७ साली सुरुवात झाली ती ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाने. १९६२ मध्ये ६०० सीसीचे इंजिन आले, १९६४ मध्ये नव्या बांध्याची ६०१ आली, १९८० च्या दशकात सहाऐवजी बारा व्होल्टची विद्युतयंत्रणा आणि मागच्या चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आले, तर १९९० च्या ट्राबांट १.१ मध्ये फोक्सवॅगनच्या रचनेचे फोर-स्ट्रोक इंजिन बसले.

६०१ चा बांधा पाव शतक जवळपास तसाच राहिला, हे मात्र खरे. त्याचे खापर अभियंत्यांवर फोडणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी पी६०३ या नव्या गाडीचे नमुने १९६० च्या दशकातच तयार केले होते. १९६८ मध्ये ते काम वरच्या राजकीय आदेशाने बंद पाडण्यात आले.