चौघांचे ट्रॅकसूट सांभाळणारा पाचवा

परवा आमच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. कॉलेजच्या रिले टीमचा, चार बाय चारशेचा, म्हणजे चौघांनी आळीपाळीनं चारशे-चारशे मीटर पळायचं. मधोमध चौघं छाती काढून उभे, एकाच्या हातात बॅटन. आणि अगदी कडेला, फोटोत जेमतेम अर्धा आलेला, हातात चौघांच्या ट्रॅकसूटांचा ढीग घेऊन उभा असलेला एक पोरगा. तो मी. राखीव.

खाली नेहमीचं सुरू झालं. काय दिवस होते, आता जिना चढताना दम लागतो, पोट बघ माझं वगैरे. मग त्या चौघांतल्या सगळ्यात वेगवान गड्यानं लिहिलं, "तू एकटाच अजून पळतोस ना? कमाल आहे. तेव्हा तर तू..."

पुढे तीन टिंबं. ती मी भरतो. तेव्हा तर तू आमच्यात सगळ्यात हळू होतास.

खरं आहे. आणि राग आला म्हणून लिहीत नाहीये. पण ती तीन टिंबं चार दिवस डोक्यातून जात नाहीत, म्हणून ही लांबण. ज्यांना वेळ नाही त्यांनी फोटोला लाइक करून पुढे जावं.

आधी त्याच्याबद्दल. नाव लिहीत नाही, तो हे वाचणार आहेच. दुसऱ्या वर्षाला तो टीममध्ये आला तोवर मी सात वर्षं पळत होतो. शाळेपासून. रोजची वही होती माझी: किती लॅप, किती सेकंद, मध्ये विश्रांती किती, झोप किती. चारशेचं माझं सगळ्यात चांगलं टायमिंग ५२.४. हा फुटबॉल खेळणारा, ट्रॅकवर कधी पळालेला नाही. कुणाचे तरी एक नंबर मोठे स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, घालून ट्रायलला उभा राहिला. सुरुवात चुकली, पहिल्या वळणावर लेनच्या रेषेवर पाय पडला, आणि शेवटच्या शंभरात मागे वळून बघत त्यानं ५०.१ मध्ये संपवलं. सरांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग दुसरं घड्याळ धरलेल्या मुलाकडे. त्यानं मान हलवली. सर मला काही बोलले नाहीत. मला त्या दिवशी कळलं की माझी वही कुणी वाचणार नाही.

पुढची दोन वर्षं मी त्याच्यावर जळत काढली. उगाच मोठेपणा दाखवून खोटं कशाला बोलू? तो उशिरा यायचा, वॉर्मअपला टंगळमंगळ करायचा, आणि इंटरव्हलमध्ये, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत सहा वेळा चारशे पळताना, जिथे चौथ्या फेरीनंतर मला समोरचं दिसेनासं व्हायचं, तिथे हा गप्पा मारायचा. गप्पा! मला वाटायचं, याला काही किंमत नाही याची. फुकट मिळालंय.

उंच उडीतली एक खरी गोष्ट आहे, ती मी तेव्हापासून अनेकांना सांगितली आहे. २००७ ची जागतिक स्पर्धा, ओसाका. एका बाजूला स्वीडनचा स्टेफान होल्म, २००४ चा ऑलिम्पिक विजेता. उंची फक्त १.८१ मीटर, म्हणजे उंच उडीवाल्यांत बुटका, लहानपणापासून हजारो उड्या मारून घडलेला. दुसऱ्या बाजूला बहामाजचा डोनाल्ड थॉमस. मूळचा बास्केटबॉल खेळणारा, उंच उडी सुरू करून जेमतेम दीड वर्ष झालेलं. थॉमस २.३५ मीटर मारून जगज्जेता झाला. होल्म चौथा.

इथे थांबलात तर गोष्टीचा अर्थ असा की देणगी असली की पुरे. पण थोडं पुढे गेलात तर थॉमसची आयुष्यातली सर्वोत्तम उडी २.३७, तीही २०१६ मध्ये. नऊ वर्षांत दोन सेंटिमीटर. होल्मची सर्वोत्तम उडी २.४०. आता अर्थ उलटा. मी दोन्ही प्रकारे सांगितली आहे ही गोष्ट, माझा मूड कसा आहे त्यावर. ज्या दिवशी मित्रानं मला धुतलं त्या दिवशी लांब आवृत्ती.

पण "मेहनत केली की कुणालाही जमतं" असं छातीठोक सांगणारे लोक मला आता सहन होत नाहीत. १९९० च्या दशकात हेरिटेज नावाचा मोठा अभ्यास झाला. आधी व्यायाम न करणाऱ्या शेकडो माणसांना, तीही कुटुंबाकुटुंबानं घेऊन, २० आठवडे एकसारखा व्यायाम दिला. सायकल तीच, आठवड्याला दिवस तितकेच, जोर ज्याच्या त्याच्या कुवतीच्या प्रमाणात. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते आधी आणि नंतर मोजलं. काहींची क्षमता भरपूर वाढली, काहींची जवळपास जागची हलली नाही. आणि हा फरक घराण्याघराण्यानं होता, जवळजवळ निम्मा वारशानं समजावता येण्यासारखा. म्हणजे नुसता वेग नाही, सरावाचा गुण लागणं हीसुद्धा बऱ्याच अंशी देणगीच. माझी वही आणि त्याचे मोठे स्पाइक्स, दोन्ही त्यात आले. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. खरं तर हायसं वाटलं. सात वर्षं मी कुठेतरी कमी पडतोय म्हणून स्वतःला कोसत होतो, त्यातली निम्मी शिक्षा माफ झाली.

असो. स्पर्धेचं झालं. आता त्या तीन टिंबांकडे.

माझं म्हणणं असं आहे की मी अजून पळतो ते हळू असूनसुद्धा नव्हे, हळू होतो म्हणून पळतो.

आधी एक भ्रम बाजूला काढू, कारण आमच्या ग्रुपवर तो फार आहे. "अरे आपण ॲथलीट होतो, आपली बॉडी वेगळी." नाही रे बाबा. राल्फ पॅफेनबार्गर नावाच्या संशोधकानं हार्वर्डमधून शिकून बाहेर पडलेल्या जवळपास १७ हजार पुरुषांचा मागोवा घेतला. १९७८ साली हृदयविकाराच्या झटक्यांबद्दलचे निष्कर्ष आले. कॉलेजच्या टीममधून खेळलेल्यांना धोका कमी होता, पण पुढेही हातपाय हलवत राहिले असतील तरच. खेळ सोडून बसलेल्यांना जुन्या पदकांचा काही उपयोग झाला नाही. आणि कॉलेजात कधी मैदानावर न फिरकलेले, पण नंतर सक्रिय झालेले लोक त्यांच्यापेक्षा बऱ्या अवस्थेत होते. शरीराला आठवणी नसतात असं नाही, पण ते त्यांच्यावर व्याज देत नाही.

दुसरा अभ्यास मला जास्त आवडतो, कारण तो थोडा क्रूर आणि थोडा गमतीदार आहे. १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. उठले तेव्हा क्षमता कोसळली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत बोलावलं. आता पन्नाशीचे, वजन वाढलेले. तपासल्यावर कळलं की विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं जेवढं नुकसान झालं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयानंसुद्धा केलं नव्हतं. मग सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, पळणं, सायकल असा व्यायाम दिला, तर ते विशीतल्या मूळ पातळीला परत आले. पाचच माणसं, मान्य. पण "आता वय झालं" असं चाळिशीत म्हणणाऱ्याला मी ही पाच माणसं दाखवतो.

मग आमचे चौघं का थांबले?

एकाचा गुडघा गेला, त्याच्याबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. उरलेले तिघं आळशी नाहीत. आमचा वेगवान गडी तर कामाला वाघ आहे. तो थांबला कारण त्याला हळू पळवत नाही. लाज वाटते. त्याच्या डोक्यात चारशे म्हणजे ४८.२, आणि त्या आकड्यापुढे आजचं कुठलंही पळणं म्हणजे अपमान. त्यातून वयाचा मारही नेमका तिथेच बसतो. स्नायूंमधले वेगाचे तंतू वयानुसार आधी आणि जास्त आक्रसतात, दमाचे तंतू बरेच टिकतात. म्हणजे ज्याचा अभिमान होता तेच पहिलं जातं. माझ्याकडे जाण्यासारखं फारसं नव्हतंच. मला शेवटून दुसरं येण्याची कॉलेजपासून सवय. आज पाच किलोमीटरला २७ मिनिटं लागतात आणि मागून येणारी कुणी मुलगी सहज पुढे निघून जाते, तेव्हा मला जुन्या ओळखीचंच वाटतं.

एवढं लिहून झाल्यावर मला आमच्याच मुलींच्या टीममधली एक आठवली, आणि सगळा सिद्धांत डळमळला. ती त्याच्याहून गुणी होती. दोनशे आणि चारशे, दोन्हीत तिच्या जवळपास कुणी नसायचं. आणि ती आजही पळते, आठवड्यातून चार दिवस. मी तिला फोन करून विचारलं, तुला हळू पळताना त्रास होत नाही? ती म्हणाली, "मी घड्याळ कधी बघितलंच नव्हतं रे. ते सर बघायचे. मला वळणावर आत झुकायला आवडायचं. अजूनही झुकते, फक्त कमी."

म्हणजे प्रश्न देणगीचा नसावा. आकड्याशी लग्न लावलं की नाही, याचा असावा. आणि हे म्हणतोय कोण, तर वहीवाला.

कारण मीही थांबलो होतो. एकतीस ते छत्तीस, पाच वर्षं, चौदा किलो. परतलो तो दिवस ऐकण्यासारखा आहे. ट्रॅकवर गेलो, आजूबाजूला कुणी नाही बघून दुसऱ्या लेनमध्ये उभा राहिलो आणि आठवणीतल्या वेगानं सुटलो. दीडशे मीटरवर मांडीच्या मागे चाबूक बसावा तसं झालं. हॅमस्ट्रिंग. सात आठवडे. डोक्यात पंचवीस वर्षांचा पोरगा आणि पायात छत्तीस वर्षांचे स्नायू, त्या दोघांची गाठ पडली की असंच होणार. हृदय आणि फुप्फुसं तुलनेनं लवकर जोर धरतात, स्नायूबंध आणि हाडं रमतगमत येतात. परतलेले जुने खेळाडू नेमके या मधल्या काळात जायबंदी होतात, कारण दम पुरतो म्हणून ते वाढवत सुटतात.

नंतर मी जे केलं ते सांगण्यासारखं नाही इतकं साधं आहे. वाक्य पूर्ण बोलता येईल एवढ्याच वेगानं पळायचं. त्याहून जोरात फक्त आठवड्यातून एकदा. दोन दिवस वजनं, कारण ते आक्रसणारे तंतू वजनांनाच ऐकतात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही याच्या जवळपासच आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा निम्म्या वेळात जोरदार, आणि किमान दोन दिवस ताकदीचं काम. यात गुणवत्तेची अट कुठेच नाही.

आणि ज्यांना आकडा हवाच असतो त्यांच्यासाठी एड व्हिटलॉक. तरुणपणी पळायचा, मग सोडलं, चाळिशीत परत सुरू केलं. २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यानं मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत संपवली. ८५ व्या वर्षीही चार तासांच्या आत. सराव घराजवळच्या एका दफनभूमीत, तासन्‌तास, निवांत गतीनं. आता हाही जन्मजात असामान्यच असणार, हेरिटेजवाल्यांनी सांगितलंच आहे. पण गंमत बघा, एवढी देणगी असलेला माणूसही रोजचा सराव रेंगाळतच करायचा.

तर हे सगळं मी त्या कमेंटखाली लिहिणार होतो, पण त्याऐवजी त्याला फोन केला. शनिवारी ये म्हटलं. तो आला. नवे बूट, नवा टीशर्ट, चेहऱ्यावर परीक्षेला आल्यासारखा भाव. पहिल्या शंभर मीटरमध्येच तो माझ्यापुढे सहा पावलं. पाय अजून तसेच पडतात त्याचे, हलके, आवाज न करता. मी मागून बघत राहिलो. एवढ्या वर्षांनीही मला तसं पळता येणार नाही, आणि एक क्षण ती जुनी कळ आलीच. खरंच आली.

दुसऱ्या लॅपला तो चालायला लागला. गुडघ्यांवर हात, शर्टाला घाम पुसत. मी पोचलो, शेजारी चालू लागलो.

"किती झाले?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. घड्याळ नाही आणलं."

त्यानं माझ्या मनगटाकडे बघितलं. बाही खाली ओढली होती मी, पण पट्टा दिसत होता.

"खोटारड्या," म्हणाला. मग बराच वेळ हसला, दम लागेपर्यंत. पुढच्या शनिवारी येतो म्हणालाय. ट्रॅकसूट माझ्याच गाडीत विसरून गेलाय.