विधवेच्या हाताने देवस्थान बिघडतं म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस ‘आपली तीर्थक्षेत्रं वाचवा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. म्हणणं थोडक्यात असं, की विधवा बाईच्या वावराने देवस्थानाची ऊर्जा बिघडते म्हणून तिच्याकडून देवाची सेवा घेऊ नये, वृंदावनातल्या विधवा स्वखुशीने आलेल्या आहेत त्यांना कुणी टाकलेलं नाही, विधवांचे हाल वगैरे इंग्रजांनी रचलेलं आहे, त्यांच्या नावाने गोळा होणारं दान म्हणजे फ्रॉड तेव्हा ते पैसे मंदिरांच्या जीर्णोद्धाराला द्या. आणि शेवटी, नवरा गेला की घर-जमीन मुलांची, आईने मोह सोडून देवाच्या दारी जावं.

एरवी असलं काही मी वाचतही नाही. पण हा मेसेज माझ्या काकूच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला. काका जाऊन वर्ष झालंय. गावातल्या विठ्ठल मंदिराचा सभामंडप झाडणं, पितळी समया चिंच लावून घासणं, वाती वळणं हे काम ती कित्येक वर्षं करते, कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी पैसेही देत नाही. मेसेज आल्यापासून ती पायरीवरूनच नमस्कार करून परत यायला लागली. मला फोन दाखवून विचारते, ‘खरं असंल का गं हे?’ म्हणून हे लिहितेय, आणि रागाने लिहितेय.

पहिला मुद्दा, ऊर्जेचा. ज्याने कुणी हे टाइप केलं त्याने काशीला जाऊन दर्शन घेतलं असेल तर ते कुणी बांधलेल्या देवळात घेतलं हे त्याला माहिती आहे का? आज उभं असलेलं काशी विश्वनाथाचं मंदिर १७८० च्या सुमारास अहिल्यादेवी होळकरांनी बांधलं. अहिल्यादेवी विधवा होत्या. त्यांचे यजमान खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी मुलगा मालेरावही गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी राज्य सांभाळलं आणि देशभरातली तीर्थक्षेत्रं पुन्हा उभी केली ती याच काळात. काशीचे घाट, गयेचं विष्णुपद, सोमनाथला मूळ जागेजवळ बांधलेलं मंदिर, आपल्या वेरूळचं घृष्णेश्वर. वृंदावनातसुद्धा त्यांच्या नावावर घाट आणि अन्नछत्र सांगतात. आणि यातला बराच खर्च राज्याच्या तिजोरीतून नाही, त्यांच्या खासगीच्या उत्पन्नातून झाला.

बरं, त्या एकट्याच नाहीत. कोलकात्याजवळचं दक्षिणेश्वरचं कालीमंदिर १८५५ मध्ये राणी रासमणींनी उभारलं, त्याही विधवा. काशीच्या ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा दगडी मंडप १८२८ मध्ये बायजाबाई शिंद्यांनी बांधला, त्यांचे पती दौलतराव आदल्याच वर्षी वारले होते. मीराबाईंची भजनं आपण देवळात म्हणतो, त्यांचे पती भोजराज त्या तरुण असतानाच गेले. विधवेच्या हाताने देवस्थान बिघडत असेल तर यातलं काय काय पाडायचं ते मेसेजवाल्यांनी सांगावं. तीर्थक्षेत्रं पडली तेव्हा ती उचलून उभी करण्यात विधवांचा वाटा एवढा मोठा आहे, आणि त्याच बायकांच्या लेकी-सुनांना आता समया घासू द्यायच्या नाहीत?

शिवाय मेसेज स्वतःलाच छेद देतो. वरती म्हणतो विधवेच्या वावराने तीर्थ बिघडतं आणि खाली म्हणतो विधवेने तीर्थाला जाऊन राहावं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?

इंग्रजांनी रचलं या मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. कर्व्यांनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी लग्न केलं, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याला नेला. ही आपलीच माणसं. आणि इतकं मागे कशाला, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. तेव्हा काय इंग्रज होते?

आता ‘स्वखुशीने आल्यात’. यात अर्धं खरं आहे आणि तेवढं मी मान्य करते. वृंदावनात काही बायका खरोखर भक्तीनेच येतात, कृष्णाच्या गावी शेवट व्हावा असं त्यांना मनापासून वाटतं, त्यांना सरसकट बिचाऱ्या म्हणणं हाही त्यांचा अपमानच आहे. पण म्हणून बाकीच्यांचं काय? यातल्या खूप जणी पश्चिम बंगालमधून आलेल्या, घरी भांडण, सून-मुलगा विचारत नाहीत, जमीन गेली, भाषा वेगळी. भजनाश्रमात काही तास बसून भजन करायचं, मग मूठभर तांदूळ, थोडी डाळ आणि हातावर थोडे रुपये. एक वेळ चुकली की त्या वेळचं गेलं, आजारी पडलं तरी. म्हातारपणी गुडघे वाजत असताना ओल्या फरशीवर बसून पोटासाठी देवाचं नाव घ्यायचं, याला स्वखुशी म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि हे मी म्हणत नाही, सुप्रीम कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे. वृंदावनच्या विधवांची जनहित याचिका २००७ मधली. २०१२ मध्ये कोर्टापुढे जो सर्व्हे आला त्यात होतं की सरकारी निवाऱ्यात वारलेल्या बायकांवर नीट अंत्यसंस्कारसुद्धा होत नाहीत, पैसे नाहीत म्हणून देहाची विटंबना होते. कोर्टाला सांगावं लागलं की त्यांच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार करा. धर्मरक्षणाचा मेसेज पाठवणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं, हिंदू बायकांना हिंदू पद्धतीने अग्नी मिळावा म्हणून कोर्टाला आदेश काढावा लागला. २०१७ मध्ये पुन्हा कोर्टाने म्हटलं की यांना सन्मानाने जगायचा हक्कच नाही असं वागवलं गेलंय, आणि राज्यघटनेच्या २१व्या कलमाची आठवण करून दिली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने हजार बायकांसाठी ‘कृष्ण कुटीर’ बांधलं ते सगळं ठीक चाललं होतं म्हणून नाही.

दानाचा मुद्दा. होय, विधवांचे फोटो लावून पैसे गोळा करणारे लोक आहेत, क्यूआर कोड टाकतात आणि पुढे काय होतं कुणाला कळत नाही. इथे मेसेज बरोबर बोलतोय. पण म्हणून सगळंच बंद करा हे कुठलं लॉजिक? संस्थेचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, देणगीवर आयकरात सूट देणारं ८०जी प्रमाणपत्र आहे का विचारा, हिशेब मागा, जमलं तर जाऊन बघा, तिथल्या बायकांशी संस्थेचा माणूस समोर नसताना बोला. आणि मंदिर की विधवा असं भांडण लावायचं कारणच काय? वृंदावनात देवळातल्या निर्माल्यापासून उदबत्त्या आणि गुलाल करायचं काम याच बायकांनी केलंय. फुलं नाल्यात, यमुनेत जात नाहीत, देवळाचा परिसर स्वच्छ राहतो आणि बाईच्या हातात स्वतःच्या कष्टाचे पैसे येतात. दोन्ही सेवा एकाच कामात होतात.

आता शेवटचा मुद्दा, ज्याने मेसेज संपतो. बाकीचं सगळं मूर्खपणाचं आहे पण हा मुद्दा घातक आहे, बायका वृंदावनाला पोचतात त्याची सुरुवात इथेच होते. ‘घर-जमीन मुलांची’ हे साफ खोटं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर, नवऱ्याच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकाला सारखा वाटा. त्याच कायद्याच्या १४व्या कलमाने तो वाटा पूर्ण तिच्या मालकीचा, नुसता हयातीपुरता नाही, विकायचा तर विकेल. पुन्हा लग्न केलं तरी मिळालेला वाटा परत जात नाही. मुलं बघत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो.

पण गावात होतं काय? तेरावा झाला की दोन-चार दिवसांत कुणीतरी कागद घेऊन येतं, ‘काकी, वारसनोंदीला सही लागतीय.’ बाई अजून भानावर नसते, चष्मा सापडत नाही, पोरगाच समोर बसलेला म्हणून विचारायचं कसं. वारसनोंदीच्या कागदांच्या गठ्ठ्यात हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद, सरकवलेलं असतं, मग रजिस्टर ऑफिसला गाडीतून नेऊन आणायचं, आणि पुढे सातबाऱ्यावरून नाव गेलेलं तिला कळतं तेव्हा वर्ष उलटलेलं असतं. यावर ‘मोह सोडावा’ हे वाक्य चिकटवलं की तिने विचारायचीही सोय राहत नाही. मोह सोडायला मुलांना का सांगत नाही हो कुणी?

तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला तर त्याखाली एवढं तरी टाका: नवरा गेल्यावर पहिले काही महिने, घरातल्यांनी कितीही घाई केली तरी, वाचून घेतल्याशिवाय एकाही कागदावर सही किंवा अंगठा नको. वारसनोंद वेगळी आणि हक्कसोडपत्र वेगळं, वारसनोंदीसाठी हक्क सोडावा लागत नाही. सही आधीच झाली असेल आणि ती फसवून घेतलेली असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, आणि हेल्पलाइनचा नंबर १५१००.