लिव्हर काही कुल्फी नाही

आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरून राहिला आहे. ‘मोठ्या दवाखान्यांत गरिबांचं लिव्हर काढून बर्फात सहा-सहा महिने साठवतात. पैसेवालं गिऱ्हाईक आलं की विकतात. बर्फाचा डबा घेतलेला माणूस गावात दिसला तर अडवा.’ खाली एका निळ्या डब्याचा फोटो.

सहा महिने? काढलेलं लिव्हर थंडाव्यात फार तर १२ तासांच्या आसपास टिकतं, आणि सर्जनला ते त्याच्याही बरंच आधी बसवायचं असतं. हृदयाला तर चारेक तासच मिळतात. किडनी तेवढी दिवसभर दम धरते.

‘बर्फात’ या शब्दात खरी गोम आहे. एक वांगं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी ताटलीत काढा. दुपारपर्यंत त्याचा लगदा होतो, खाली पाणी सुटतं. आतलं पाणी गोठताना बर्फाचे कण पेशी फोडतात. लिव्हरचंही तेच होईल, म्हणून ते कोणी गोठवत नाही. दात्याच्या शरीरातच रक्तवाहिन्यांतून थंडगार द्रावण सोडून रक्त धुऊन काढतात. मग लिव्हर त्याच द्रावणात बुडवून एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधतात. बर्फ पिशव्यांच्या बाहेर, आत साधारण ४ अंश. हे द्रावण १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी तयार केलं. एवढ्या थंडीत पेशींची भूक दहाव्या हिश्श्यावर येते, पण पुरती जात नाही. प्राणवायूविना उपास सुरूच असतो.

म्हणूनच ‘साठवून गिऱ्हाईक शोधतात’ हे उलटं आहे. इथं घेणारा आधी ठरतो, रक्तगट बघून. लिव्हर मग निघतं. विदर्भात अवयवाची वाट पाहणाऱ्या रुग्णांची यादी नागपूरच्या समन्वय केंद्राकडे असते. दाता मेंदूमृत आहे हे चार डॉक्टरांनी, किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासून लिहून द्यावं लागतं. अवयव प्रत्यारोपणाचा हा कायदा १९९४ चा आहे. किडनीचे काळे धंदे देशात झाले, ते मी नाकारत नाही. पण ते जिवंत माणसाला पैशाचं आमिष दाखवून, खोट्या नात्याचे कागद करून. त्यात फ्रीझर कुठंच नव्हता.

राहिला फोटोतला डबा. तो लसींचा आहे हो! आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर रोज तोच खांद्याला लावून फिरतात. आत बर्फाच्या चार पट्ट्या. फ्रीझरमधून काढलेली पट्टी त्या आधी कानाशी हलवतात. आत पाणी डुचमळलं तरच डब्यात घालतात, कारण हिपॅटायटिस बी ची लस गोठली की बाद. ही लस लिव्हरचीच राखण करते, ही आणखी एक गंमत.

अफवेवरून अडवणं कुठवर जातं ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसलं. पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार केलं.

परवा आमच्या फाट्यावर दोन पोट्ट्यांनी सिस्टरची स्कूटी अडवलीच. “मॅडम, डब्यात काय हाय?”

“तुयाच पुतणीची लस हाय, बावा. पाहून झालं असंन तर झाकण लावू दे, ऊन लागून राहिलं.”