“मी म्हटलंच होतं” म्हणणाऱ्यांनो, काल रात्री नक्की काय म्हटलं होतंत?

सकाळी उठल्या उठल्या फोन बघितला आणि डोकंच फिरलं. काल रात्रीच्या बॉक्सिंगच्या फाइटमध्ये सगळ्यांचा फेव्हरिट हरला. हरतात माणसं, त्यात काय. पण रात्री दहाला “पाचव्या राऊंडच्या पुढे जात नाही, लिहून ठेवा” असं ठणकावून सांगणारे गृहस्थ सकाळी सातला लिहितायत, “हा मुळातच बोगस होता, उगाच डोक्यावर चढवून ठेवला होता. मी म्हटलंच होतं.”

कधी म्हटलं होतंत?

हे वाक्य मला सहन होत नाही, आणि त्याला कारण आहे. माझा धाकटा भाऊ हौशी बॉक्सिंग करायचा. प्रोफेशनल कधी झाला नाही. एका स्पर्धेच्या सेमीफायनलला तोच जिंकणार हे सगळ्यांनी धरलं होतं, सगळ्यात आधी मी. लढतीआधी त्याच्या हातांना पट्ट्या मी बांधत होते. अंगठ्यात अडकवायची, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मधून. डाव्या हाताची पट्टी ओढताना जाणवलं, तळहात भाजतोय. अंगात चांगलाच ताप होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, कोणाला सांगू नकोस.” मी नाही सांगितलं. तीन राऊंड झाले, तो हरला, आणि माझ्या मागे बसलेला माणूस शेजाऱ्याला म्हणाला, “मी म्हटलंच होतं, दम नाही याच्यात.”

इतकी वर्षं झाली, तो आवाज अजून ओळखेन मी.

अंदाज बांधू नका असं कोण म्हणतंय? मीही बांधते. आणि हो, बहुतेक वेळा फेव्हरिटच जिंकतो, मान्य आहे. पण तुम्ही अंदाज बांधता कशावर? रेकॉर्डवर. 20-0 दिसलं, म्हणजे वीस विजय आणि हार शून्य, की झालं. त्या वीस जणांना निवडलं कोणी? नव्या बॉक्सरला वर आणायचं असलं की प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारे, बघून बघून प्रतिस्पर्धी देतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तो शून्य सांभाळलेला असतो, काचेच्या भांड्यासारखा. तरीही फाइटच्या आदल्या दिवशी सगळे त्या शून्याकडेच बघत बसतात.

बॉक्सर बस्टर डग्लसचं घ्या. 11 फेब्रुवारी 1990, टोकियो. समोर टायसन, 37 लढती, एकही हार नाही. लास वेगासच्या मिराज कसिनोत डग्लसचा भाव 42 ला 1, म्हणजे तो जिंकला तर एका डॉलरला बेचाळीस. आणि लढतीच्या साधारण तीन आठवडे आधी डग्लसची आई गेली. आता मला सांगा, ही बातमी हातात असती तर तुम्ही काय भाकीत केलं असतंत? “आधीच कच्चा, त्यात हे दुःख, गेला बिचारा.” मीही हेच म्हटलं असतं. आठव्या राऊंडला तो पडलाही. उठला. आणि दहाव्यात त्याने टायसनलाच पाडून लढत जिंकली. टायसन गुडघ्यांवर रांगत स्वतःचा माउथपीस, दातांवरचं रबरी कवच, शोधत होता, सापडला तो कसाबसा दातांत धरला, अर्धा बाहेर लोंबत होता. त्या रांगणाऱ्या टायसनकडे बघून मला कधी हसू आलं नाही. माझ्या भावाच्या तळहाताची आठवण येते.

कारण तो ताप मला माहीत होता ना! त्या हॉलमध्ये एकट्या मला. तरी मी छातीठोक सांगू शकले नसते. तापात माणूस कोसळतो, तसा कधी कधी पेटूनही उठतो. आतली बातमी हातात असून मला कळलं नाही, आणि तुम्हाला यूट्यूबवरच्या चार क्लिप बघून कळतं?

अँडी रुइझच्या वेळीही तेच. 1 जून 2019, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. हेवीवेट विश्वविजेत्या अँथनी जोशुआचा मूळ प्रतिस्पर्धी डोपिंगमध्ये सापडला म्हणून रुइझला ऐनवेळी घेतला. लोकांनी त्याचं पोट बघितलं आणि विषय संपवला. तिसऱ्या राऊंडमध्ये रुइझ पडला तेव्हा मीही म्हटलं, झालं. भाऊ शेजारी बसला होता. म्हणाला, “तोंड नको बघूस, पाय बघ.” पाय घट्ट होते. त्याच राऊंडमध्ये रुइझने जोशुआला दोनदा खाली बसवलं, सातव्यात आणखी दोनदा, रेफ्रीने लढत थांबवली. मग सगळे म्हणाले, जोशुआ संपला. डिसेंबरमध्ये तोच जोशुआ वजन उतरवून पुन्हा रुइझसमोर आला, बारा राऊंड लांबून जॅब, म्हणजे सरळ ठोसे, मारत राहिला आणि एकतर्फी जिंकला. दोन्ही वेळा “मी म्हटलंच होतं” वाले तेच!

बरं, पुढचं सोडा. झालेलं तरी एकसारखं दिसतं का? 2017 मध्ये कानेलो आणि गोलोव्हकिन हे दोन नावाजलेले बॉक्सर बारा राऊंड लढले. रिंगला लागून तीन जज. गुण देताना एकाने 115-113 गोलोव्हकिनला दिले, दुसऱ्याने 114-114, आणि तिसरीने 118-110 कानेलोला! लढत बरोबरीत सुटली. तो 118-110 आठवला की अजूनही माझं रक्त उकळतं. आणि तुम्ही आदल्या रात्री राऊंडसकट निकाल सांगता.

चुकलात तर “चुकलो” म्हणा. एका शब्दाचं काम आहे. “फिक्स होती” म्हणता, “बोगस होता” म्हणता. ज्याचा डोळा मिटलाय, ओठ फाटलाय, त्याच्यावर ढकलून मोकळे होता. मला सांगा, त्याच्या हाताला पट्टी कोणी बांधली होती, तिला काय जाणवलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

चिडून लिहितेय, कळतंय मला. तुमच्यातले काहीजण खरंच मनापासून अभ्यास करतात, जुन्या लढती तासन्‌तास बघतात. त्यांचं मी कान देऊन ऐकते. त्यांच्याबद्दल नाही हे.

मघाशी भावाला फोन केला. म्हटलं, बघितलीस का कालची? म्हणाला, “आठव्या राऊंडनंतर त्याने डाव्या हाताने एकही हुक, तो कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा, मारला नाही, ताई. हात गेला असणार. लक्षात आलं का तुझ्या?”

नव्हतं आलं. रात्री परत बघणार आहे, आठव्या राऊंडपासून.