‘सात दिवसांत गूगलवर पहिला नंबर’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश गेले काही महिने फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की कोणतीही नवी वेबसाइट सात दिवसांत गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणता येते आणि त्यासाठी पाच गोष्टी पुरतात : हवा तो शब्द पानावर पन्नास वेळा लिहावा, कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये दडलेली शोधशब्दांची यादी) भरावा, एक हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारे दुवे) विकत घ्याव्यात, गूगलला थोडी जाहिरात द्यावी म्हणजे क्रमांक आपोआप चढतो, आणि मजकूर इंग्रजीतच ठेवावा, कारण गूगलला मराठी कळत नाही. शेवटी अर्थातच पॅकेजचा दर. रावेर तालुक्यात केळीच्या रोपांची रोपवाटिका चालवणाऱ्या एका परिचितांनी तो मला पाठवला आणि विचारले, “भाऊ, भरू का पैसे?” त्यांना जे उत्तर दिले तेच येथे सविस्तर मांडतो.

आधी हमीविषयी. पहिल्या क्रमांकाची खात्री कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनातच लिहून ठेवले आहे. पान आधी गूगलच्या बॉटला, म्हणजे वेबवरची पाने आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, सापडावे लागते, मग ते वाचून त्याची नोंद व्हावी लागते आणि त्यानंतरच क्रमवारीचा प्रश्न येतो. केलेल्या बदलाचा परिणाम कधी काही तासांत, तर कधी काही महिन्यांनी दिसतो. शिवाय ‘पहिला नंबर’ म्हणजे कोणत्या शब्दाला पहिला, हे संदेशात कोठेही नाही. आपल्या रोपवाटिकेचे आगळेवेगळे नाव जसेच्या तसे टाइप केले, तर ती बहुधा तशीही वर दिसेल. पण ज्याला ते नाव ठाऊक आहे तो ग्राहक आधीच आपला आहे. पॅकेज विकणारे नेमका हाच स्क्रीनशॉट दाखवतात.

पन्नास वेळा शब्द लिहिण्याचा सल्ला निरुपयोगी आहेच, पण अपायकारकही आहे. शब्दांची अशी खोगीरभरती आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत दडवलेला मजकूर, या दोन्ही गोष्टी गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात नावानिशी नोंदलेल्या आहेत. मेटा कीवर्ड टॅगबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही : आपण क्रमवारीसाठी तो वापरत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. इतकी जुनी गोष्ट आजही नव्या पॅकेजमध्ये विकली जाते, याचे मात्र नवल वाटते.

बॅकलिंकचा मुद्दा थोडा वेगळा आहे, कारण त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास जी पेजरँक पद्धत मांडली, तिच्यात एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा हा एक प्रकारचा कौल धरला होता आणि ज्याला स्वतःला जास्त कौल आहेत त्याच्या शब्दाला अधिक वजन होते. कौल म्हटला की तो विकत घेणारे आलेच. क्रमवारीसाठी दुव्यांची खरेदी-विक्री करणे गूगलच्या नियमांत बसत नाही. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या पेंग्विन या बदलाने असे दुवे गोळा करणाऱ्या साइट खाली ढकलल्या आणि २०१६ पासून हे काम गूगलच्या मुख्य यंत्रणेत सतत चालते. आज अशा हजार दुव्यांपैकी बहुतेक मोजलेच जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात. आणि गूगलच्या माणसाने तपासून कारवाई केली, तर साइट शोधातून बाहेरही जाऊ शकते. याउलट, रोपवाटिकेची माहिती एखाद्या कृषी मासिकाने किंवा ज्याला रोपे दिली त्या शेतकरी गटाने आपल्या पानावर दिली, तर असा एकच दुवाही उपयोगी पडू शकतो.

जाहिरातीचे थोडक्यात सांगता येते. पैसे देऊन दिसणाऱ्या निकालावर ‘प्रायोजित’ अशी खूण असते आणि त्या पैशाने खालच्या नैसर्गिक क्रमवारीत फरक पडत नाही. जाहिरात देण्यात गैर काही नाही. फक्त ती थांबली की ती जागाही गेली.

खरी हानी होते ती ‘गूगलला मराठी कळत नाही’ या समजुतीने. गूगल मराठी मजकूर वाचते आणि दाखवतेही. समजुतीचे मूळ माझ्या मते दुसरीकडे आहे. आपल्याकडे दरपत्रक डीटीपीवाल्याकडून येते आणि ते बरेचदा जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असते. पडद्यावर ‘केळी’ दिसते, पण त्याखाली प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी साठवलेली असते. बॉट ती खिचडीच वाचतो. नाहीतर सगळे दरपत्रक एकच चित्र म्हणून चढवलेले असते, आणि महत्त्वाचा मजकूर चित्रात कोंडू नये, असे गूगलचेही सांगणे आहे. दोन्हींवर उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणे. ते काम एका दुपारचे आहे.

आणि टाइप करताना शब्द ग्राहकाचे असावेत. माझ्या परिचितांच्या पहिल्याच पानावर ‘उच्च दर्जाची उत्पादने व विश्वासार्ह सेवा’ असे ठळक अक्षरांत होते. हे वाक्य सिमेंटच्या दुकानालाही चालले असते. रावेर-यावलचा शेतकरी मात्र कांदेबागेसाठी (केळीची पावसाळ्यानंतरची लागवड) रोपे शोधतो, मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीची) लागवड कधी करावी ते विचारतो, जी-९ या केळीच्या वाणाच्या रोपाचा भाव पाहतो. यातला कांदेबाग हा शब्द त्या संपूर्ण साइटवर एकदाही नव्हता. जो शब्द पानावर नाही त्यासाठी पान दिसावे, अशी अपेक्षा कशी करावी? शीर्षकाच्या टॅगमध्ये, म्हणजे शोधाच्या निकालात सहसा पानाचे नाव म्हणून दिसणाऱ्या ओळीत, ‘मुख्य पृष्ठ’ एवढेच होते. तेथे आता पीक, वाण आणि तालुका आला आहे. कांदेबाग आणि मृगबाग यांना स्वतंत्र पाने दिली असून, रोपे कधी नोंदवावीत आणि किती अंतरावर लावावीत हे मालकांनी स्वतःच्या भाषेत लिहिले आहे. बरेच शेतकरी मराठी शब्द रोमन लिपीतही टाइप करतात. त्यांच्यासाठी सगळे पान इंग्रजीत करण्याची गरज नसते.

संदेशात जे मुळीच नाही ते मात्र या साइटच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे ठरले. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’, त्याला लागून अपूर्णविराम आणि त्याला चिकटून आपल्या वेबसाइटचा पत्ता टाइप केला, की आपली कोणती पाने नोंदली गेली आहेत याचा अंदाज येतो. आम्ही तसे केले, तर एकही पान आले नाही. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बांधण्याच्या प्रणालीवर होती. तिच्या सेटिंग्जमध्ये, रीडिंग या विभागात, सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशा अर्थाची एक चौकट असते. साइट बांधताना बांधणाऱ्याने तेथे टिचकी मारली होती आणि सोपवताना काढली नव्हती. जवळजवळ वर्षभर ती साइट गूगलला ‘मला नोंदवू नका’ असेच सांगत होती. त्या स्थितीत शब्द पन्नासऐवजी पाचशे वेळा लिहिले असते आणि दुवे हजारऐवजी लाख घेतले असते, तरी फरक शून्य होता.

टिचकी काढली, सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनात साइटची मालकी सिद्ध केली, साइटमॅप (साइटवरील पानांची यादी) दिला आणि मुख्य पानाची नोंदणी मागितली. पाने दिसू लागायला आठवड्याहून थोडे अधिक दिवस लागले. कांदेबागेचे पान पहिल्या क्रमांकावर नाही. पण कोणत्या शब्दांना ते दिसले आणि किती जणांनी ते उघडले, हे मालक आता स्वतःच्या खात्यात पाहतात. ते खाते त्यांच्या नावावर आहे, साइट बांधणाऱ्याच्या नाही. पॅकेजचे पैसे त्यांनी भरले नाहीत.