गंगावेशला बर्फ पडला

परवाची चर्चा लिहून काढ, असा बंडूकाकांचा हुकूम आहे, कारण तिच्यात त्यांच्या पोरीचा पराक्रम येतो. काढतो. पण मग आबा जास्त बोलले आणि पिंटूशेठ जास्त फसला, हे पण येणार. माझा इलाज नाही.

कोल्हापुरातल्या गंगावेशचा दूध कट्टा, दिवेलागणीची वेळ. म्हैस पिळून झालेली, पेल्यावर चार बोटं फेस. बंडूकाका आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "आमच्या पोरीनं अमेरिका सरकारकडं हरकत नोंदवली."

"व्हिसा रिजेक्ट झाला काय?" पिंटूशेठ.

"व्हिसाची नव्हे रे, डोंगराची!"

पोरगी कोलोरॅडोत. तिच्या गावापासून तासाभरावर बर्फावर घसरायचा डोंगर आहे, स्कीचा. डोंगर सरकारी जंगलातला, कंपनीकडं नुसता वापराचा परवाना. आता कंपनीला डोंगराची पलीकडची बाजू पण पाहिजे. तिकडं वर न्यायला खुर्च्यांचे पाळणे, घसरायला पट्टे म्हणून झाडतोड, आणि बर्फ कमी पडला तर फवारायला पाइपलाइन. जंगल खात्यानं लोकांचं म्हणणं मागवलंय. पोरीनं पाच पानं लिहून पाठवली. स्वतः दर शनिवारी तिथंच घसरायला जाते, हे काकांनी हळू आवाजात सांगितलं.

"मग हरकत कशाला?" पिंटूशेठला खरंच कळेना. पिंटूशेठ आमचा प्लॉटिंगवाला. कुठल्याही डोंगराकडं बघितलं की त्याला तो एनए झालेलाच दिसतो. "सीझनला गिऱ्हाईक हाय, डोंगर रिकामा पडलाय, कंपनी पैसा घालाय तयार हाय. ग्रोथ म्हणतात ह्याला. आपल्याकडं बर्फ न्हाई म्हणून, न्हाईतर गगनबावड्याला मी कवाच पाळणं टांगलं असतं."

"तू पाळणं टांगलंस तर पोरं आत न्हाईत, सातबारं बसतील," आबा म्हणाले. आबा वनपाल म्हणून रिटायर झाले. उमेदीची वर्षं दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात गव्यामागं गेली. बोलतात कमी. त्या दिवशी दुधाला साखर जास्त पडली असावी.

वकील तोवर गप्प होता. फौजदारी चालवतो, पण वाचत असतो काय काय. म्हणाला, "तिथं ह्यासाठी पर्यावरणाचा कायदा आहे, 1970 चा. राष्ट्राध्यक्ष निक्सननं 1 जानेवारीलाच सही केलेली. सरकारी जमिनीवर मोठं काही करायचं तर आधी परिणाम लिहून काढायचे, लोकांपुढं ठेवायचे, आणि लोक जे विचारतील त्याची दखल घ्यायची. आणि स्कीवाल्यांना परवाना 40 वर्षांपर्यंतचा मिळतो, 1986 च्या कायद्यानं. अशी सव्वाशेच्या आसपास स्कीची ठिकाणं आहेत तिथल्या राष्ट्रीय जंगलांत."

"चाळीस वर्षं!" पिंटूशेठच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि ते जंगल खातं येतं शेती मंत्रालयाखाली."

"शेती? मग उसाला परवानगी मागायची की लेका, पाळणं कशाला!" ह्यावर म्हशीवाला पण हसला.

वकिलानं पुढची गंमत सांगितली. त्या अहवालात पर्याय मांडावे लागतात. सगळा विस्तार, अर्धा विस्तार, पाळणे आहेत पण पाइपलाइन नाही, असे. आणि त्यांत एक पर्याय सक्तीचा असतो, काहीच न करण्याचा. काही केलं नाही तर काय होईल ह्याचाही तेवढाच अभ्यास करायचा.

"आमच्या गल्लीतल्या गटारीवर तोच पर्याय वीस वर्षं राबवलाय," मी म्हणालो. "अभ्यास तेवढा राहिलाय."

"बंडूदा, पोरीला सांगा," पिंटूशेठनं मांडी घातली, "पाच पानांनी काय हुतंय? सह्या गोळा करायच्या. दहा हजार सह्या, एक मोर्चा, दसरा चौकात सभा. टोल कसा घालवला आपण?"

"आपण?" वकील म्हणाला. "तू त्या मोर्चात दहा मिनिटं होतास. फोटो झाला आणि मिसळ खायला गेलास. बिल मी दिलं."

हे बिल दर दोन महिन्यांनी निघतं. पिंटूशेठचं म्हणणं, त्यानं पैसे दिले होते. वकिलाचं म्हणणं, दिले ते आदल्या वर्षीच्या कटवड्याचे. पंधरा मिनिटं गेली त्यात. मग पिंटूशेठनं वकिलाची तालमीच्या मॅचमधली हुकलेली पेनल्टी काढली. वकिलाच्या मते ती हुकलेली नव्हतीच, गोलकीपर आधी हलला होता. पंचवीस वर्षं झाली, गोलकीपर अजून हलतोय. सोडा.

काकांनी गाडी रुळावर आणली. "पोरगी म्हणते, तिथं सह्या मोजत नाहीत. हे मतदान नव्हे. दहा हजार लोकांनी 'आम्हाला डोंगर आवडतो' लिहिलं तर ते एक म्हणणं धरतात. पण एकानंच नेमकं विचारलं, की बर्फ फवारायला पाणी कुठल्या ओढ्याचं घेणार, तर त्याची दखल घ्यावीच लागते."

आबांनी पेला खाली ठेवला. "आणि कुठल्या महिन्यात घेणार? ते विचारलं का तिनं? बर्फ पडायच्या आधी फवारणार म्हंजे थंडीच्या तोंडाला. तवा ओढा आटलेला असणार. आपल्याकडं मे महिन्यात जसं डबकं राहतंय, तसं. त्यात मासा असतोय, त्यावर जनावर असतंय. पावसाळ्याचं माप दाखवून उन्हाळ्याचं पाणी उचलत्यात लोक. जगात सगळीकडं."

काकांनी तिथंच पोरीला मेसेज टाकायला घेतला.

"म्हंजे दखल घेतली की काम खल्लास?" पिंटूशेठला वास लागला. "लिहायचं, ओढा मरंल, पण आमी पाळणं बांधणार. चालतंय?"

इथं वकिलाला पडतं घ्यावं लागलं. चालतं. 1989 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं स्कीच्याच केसमध्ये सांगितलं. वॉशिंग्टन राज्यातलं मेथाऊ खोरं, तिथल्या डोंगरावर रिसॉर्ट करायचा होता, हरणांचा प्रश्न होता. कोर्ट म्हणालं, हा कायदा माहिती न घेता केलेलं काम अडवतो, मूर्खपणाचं काम अडवत नाही.

"बगा!" पिंटूशेठनं मांडीवर थाप मारली. "मूर्खपणाला परवानगी हाय. सुप्रीम कोर्टाची."

"तुला परवानगी कवा लागली?" आबा म्हणाले. मग वकिलाकडं वळून, "पण त्या डोंगरावर रिसॉर्ट झाला का?"

वकील हसला. "नाही झाला. रिसॉर्टच्या बाजूचे केस जिंकले, पण रिसॉर्ट नाही झाला. आता तिथं पाळणे नाहीत, सपाटीवर बर्फातनं पायानं सरकत जायच्या वाटा आहेत, लोक त्याच्यासाठीच येतात. आणि त्याच्या आधीची मिनरल किंगची केस. कॅलिफोर्नियातलं खोरं, तिथं वॉल्ट डिस्नेच्या कंपनीला स्की रिसॉर्ट काढायचा होता. निसर्गवाले 1972 ला सुप्रीम कोर्टात हरले. पण तोवर एवढी वर्षं गेली, की 1978 ला ते खोरं सेक्वोया नॅशनल पार्कातच घातलं. पाळणा नाही, काही नाही."

आबा थोडा वेळ म्हशीकडं बघत बसले. "म्हंजे खासबागेत गडी दोन तास अंगाखाली ऱ्हायला, पण पाठ लावू दिली न्हाई. अंधार पडला, कुस्ती सोडवली. मग जिंकलं कोण?"

"आणि डिस्नेच्या त्या केसमध्ये," वकिलाला रंग चढला, "डग्लस नावाचे न्यायमूर्ती होते. त्यांनी वेगळा निकाल लिहिला, की झाडाला, नदीला, खोऱ्याला स्वतःच्या नावानं कोर्टात उभं राहता आलं पाहिजे."

"झाड उभं ऱ्हाईल, पण वकीलपत्रावर सही कोण करणार? आणि तुजी फी?" पिंटूशेठ. हा त्याचा त्या रात्रीचा एकमेव बरा विनोद, म्हणून नोंद केली.

"जनावरं येत्यातच की," आबा म्हणाले. "गवा पंचगंगेच्या काठाला उसात उतरतोय, तवा काय साखर खायला येतोय? हरकत नोंदवायला येतोय. आपण फटाकं लावून त्येची सुनावणी घेतो."

मी हे लगेच फोनमध्ये टिपून घेतलं.

पिंटूशेठ आता चिडला होता. हे सगळं झाडवाल्यांचं फॅड आहे, देश असाच मागं राहतो, एका अहवालाला पाचपाच वर्षं कोण थांबणार, वगैरे. तिथंही लोक कंटाळलेत म्हणे. वकिलानं मान्य केलं. 2023 ला तिथं कायदा बदलला. मोठ्या अहवालाला दोन वर्षं आणि 150 पानं अशी मर्यादा घातली, आणि 2025 ला सुप्रीम कोर्टानं खालच्या कोर्टांना सांगितलं की खात्याच्या अहवालात फार खोड्या काढू नका.

"झ्याक! दीडशे पानांत बसवा डोंगर."

"पिंट्या," वकील म्हणाला, "शक्तिपीठ महामार्गाचा नकाशा आला तेव्हा तुझ्या भावाची दोन एकर त्यात होती. तेव्हा तू कट्ट्यावर काय सांगत होतास? भराव पडला की पुराचं पाणी तुंबणार, विहिरी जाणार, मातीचा जीव जाणार. एवढं बोलत होतास की आबांनी तुला रोप भेट दिलं."

"ते येगळं."

"रोप जगलं का?" आबा.

रोप पार्किंगमध्ये गेलं. सगळ्यांना माहीत होतं.

मग वकिलानं ॲरिझोनातली गोष्ट काढली, आणि ती काढायला नको होती असं मला वाटत होतं, कारण इतका वेळ सगळे मजेत होते. सॅन फ्रान्सिस्को पीक्स म्हणून डोंगर आहेत. नवाहो, होपी अशा तेरा जमातींचे देव तिथं. तिथल्या स्कीवाल्यांना बर्फ पुरेना. तर शहराचं सांडपाणी शुद्ध करून त्याचा बर्फ डोंगरावर फवारायचं ठरलं. खात्यानं अहवाल केला, सगळ्यांचं ऐकून घेतलं, परवानगी दिली. जमाती कोर्टात गेल्या. 2008 ला हरल्या. आता फवारतात.

"शुद्ध केलेलं हाय म्हणतोस ना," पिंटूशेठ म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"जयंती नाल्याचं पाणी शुद्ध करून जोतिबाच्या डोंगरावर फवारू?" आबांनी विचारलं. "चैत्राच्या यात्रेला. गुलालावर."

पिंटूशेठ दर रविवारी जोतिबाला जातो. चुकवत नाही, ही एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगितली पाहिजे. तो काहीच बोलला नाही. म्हशीवाल्यानं न विचारता कानाला हात लावून "चांगभलं" म्हटलं.

थोड्या वेळानं मीच विचारलं, आपल्याकडं पश्चिम घाट पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर करायच्या सरकारी मसुद्याचं काय झालं. 2014 ला पहिला आला, 2024 च्या जुलैत सहावा. महाराष्ट्रातले 17,340 चौरस किलोमीटर, त्यात आपला डोंगरी भाग. प्रत्येक वेळी हरकतींना साठ दिवस. सहाही वेळा आम्ही ह्याच कट्ट्यावर त्याचा फडशा पाडलेला मला आठवतो. लिहून पाठवलं कुणी?

वकील नखं बघायला लागला. काका फोन बघायला लागले. मी विचारणारा असल्यामुळं मला सूट मिळाली.

"मी पाठवली," आबा म्हणाले. "एकदा. बॉक्साइटच्या खाणीखाली झरं कुटं जात्यात, एवढंच विचारलेलं. पोस्टाची पावती हाय घरात."

"उत्तर?"

"पावती हाय म्हटलं की."

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. पोरगी म्हणते, आबांचा महिन्याचा प्रश्न भारी आहे, वेगळी हरकत म्हणून पाठवा, मुदत आहे अजून. म्हणणं कुणीही मांडू शकतं, कुठनंही. आणि आता लिहिलं तरच अंतिम निर्णयाच्या आधी आक्षेप घ्यायचा हक्क राहतो. आधी गप्प बसलेल्याचं नंतर ऐकत नाहीत.

मग काय, सगळे उठले. मजकूर आबांचा, इंग्रजी वकिलाचं, टायपिंग माझं. 'आम्ही कोल्हापूर येथील दूध पिणारे नागरिक' अशी वकिलानं सुरुवात केली, ती खोडण्यात पाच मिनिटं गेली. प्रश्न दोन ओळींत बसला. कुठला ओढा, कुठला महिना, त्या महिन्यात पाणी किती. खाली नावं घालायची वेळ आली तसा पिंटूशेठ पुढं सरकला.

"माझं वर घाल. आणि फोटो बसतोय काय बघ, गॉगलचा हाय माझ्याकडं."

"तू तर विस्ताराच्या बाजूचा."

"आता अमेरिकेच्या दप्तरात नाव जातंय म्हटल्यावर..."

वकिलानं सांगितलं की हरकती तिथं सगळ्यांना बघायला खुल्या असतात, उद्या प्लॉटिंगच्या गिऱ्हाइकानं बघितलं तर? पिंटूशेठ विचारात पडला. मग म्हणाला, शुभेच्छुक म्हणून घाल.

पत्र गेलं. शुभेच्छुकासकट. म्हशीवाल्यानं पाच पेल्यांचे पैसे मागितले आणि सगळे पिंटूशेठकडं बघायला लागले.

"मी काहीच न करण्याचा पर्याय निवडतो," तो म्हणाला.

पैसे वकिलानं दिले. हे पण आता दर दोन महिन्यांनी निघणार.