इम्पोर्टेड आहे जी, काही नाही होत

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर मांडलेले एखादे चकचकीत विदेशी उपकरण घ्यायचे आपण ठरवले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन; कारण सुरक्षिततेची निम्मी काळजी ‘इम्पोर्टेड’ हा एक शब्द वाहतो आणि उरलेली निम्मी ‘काही नाही होत जी, बिनधास्त न्या’ हे विक्रेत्याचे आश्वासन. आपल्याकडे काम उरते ते फक्त पैसे देण्याचे.

खोका हाती आल्यावर तो उलटसुलट करून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड यांसारख्या वस्तूंना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, त्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असावा लागतो, आणि मोबाइल चार्जर किंवा पॉवर बँकेवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो, हे सगळे माहीत असलेला माणूस दुकानात उगाच संशयी दिसतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोफत अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की संपला, हे दुकानात उभ्या-उभ्या कळते. आणि इतक्या सहज कळणारी गोष्ट फारशी महत्त्वाची असूच शकत नाही. परदेशातल्या कारखान्यालाही हा परवाना घेता येतो आणि पुष्कळांनी तो घेतलेला आहे, ही माहिती तर आपण ऐकलीच नाही असे समजावे, कारण त्यामुळे ‘बाहेरच्या मालावर असले शिक्के नसतातच’ हे उत्तम वाक्य वाया जाते.

खोक्यावर ‘सीई’ ही दोन अक्षरे दिसली तर समाधानाने मान डोलवावी. ते चिन्ह युरोपच्या बाजारपेठेसाठी असते, बहुतेक विद्युत उपकरणांच्या बाबतीत उत्पादक ते स्वतःच्याच जबाबदारीवर लावतो आणि भारतातल्या सक्तीच्या प्रमाणनाऐवजी ते चालत नाही. परंतु स्वतःची परीक्षा स्वतःच घेऊन स्वतःलाच उत्तीर्ण करणाऱ्याचा आत्मविश्वास आपण का खचवावा? आपल्या मित्रमंडळात एखादा जाणकार त्या दोन अक्षरांमधले अंतर मोजून ‘हे खरे नव्हे, हे चायना एक्स्पोर्टवाले’ असे सांगेल. तसले वेगळे चिन्ह असल्याचे आपल्याला ठाऊक नाही, असे युरोपीय आयोगाने सांगितलेले असले तरी त्या मित्राला बोलू द्यावे. तेवढ्या वेळात आपण खोक्याची दुसरी बाजू पाहायचे विसरतो.

खरा आनंद आहे तो नळालाच बसवायच्या गीझरमध्ये. डिसेंबरात नागपूरचा पारा उतरला, की हे यंत्र बाजारात हमखास दिसू लागते. चमकदार तोटी, तिच्यावर पाण्याचे तापमान दाखवणारे लाल आकडे आणि सोबत चिनी लिपीतले माहितीपत्रक, जे वाचता येत नसल्यामुळे त्यातील एकही सूचना आपल्याकडून मोडली जात नाही. मागच्या बाजूला ३००० वॉट असे छापलेले असते. २३० व्होल्टवर याचा अर्थ सुमारे १३ अँपिअर, आणि बेसिनजवळचा सॉकेट बहुधा ६ अँपिअरचा, दाढीच्या यंत्रासाठी बसवलेला. वायर करंगळीएवढी जाड दिसते, पण सोलून पाहिली तर जाडी प्लॅस्टिकची निघते आणि आत मोजक्याच केसासारख्या तारा. म्हणून ती सोलू नये. टोकाला दोनच पिना असतात. तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन काढून टाकल्यामुळे यंत्र कुठल्याही सॉकेटमध्ये बसते, ही केवढी सोय! आतले एलिमेंट तडकून वीज धातूच्या तोटीत उतरली, तर अर्थिंगमधून ती जमिनीकडे जाते आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. अर्थिंग नसेल, तर ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसामधून ती तोच प्रवास करते. ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी घरात असेल तर तो अशा वेळी मध्ये तडमडतो. इलेक्ट्रिशियनला सांगून तो काढून घेणारे चतुर गृहस्थ आपल्या शहरात आहेत, कारण ‘तो सारखाच पडत होता’.

न्यू जर्सीहून भाच्याने आणलेला हेअर ड्रायरही याच श्रद्धेने लावावा. तिकडची वीज १२० व्होल्टची आणि इकडची २३० व्होल्टची, म्हणजे तापणाऱ्या तारेला जवळजवळ दुप्पट दाब आणि सुमारे चौपट उष्णता. केस वाळतील यात शंका नाही.

कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. सक्तीचे चिन्ह नसलेला माल विकणाऱ्याला पहिल्या खेपेस २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंड, अशी तरतूद २०१६ च्या भारतीय मानक ब्यूरो अधिनियमात केली गेली, पण ती विकणाऱ्यासाठी; घेणाऱ्याच्या शिक्षेची व्यवस्था यंत्र स्वतःच पाहते. तक्रार करण्याची पाळी येऊ नये म्हणून पक्के बिल घेऊ नये. विक्रेता ‘जीएसटी लागेल’ असे म्हणताच कोऱ्या चिठ्ठीवर समाधान मानावे, म्हणजे पुढे ग्राहक आयोगात काय दाखवायचे हा प्रश्नच उरत नाही. आयातदाराचे नाव, पत्ता आणि मालाचा मूळ देश वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. तेथे ते नसेल, तर हा माणूस प्रसिद्धीपराङ्मुख आहे असे समजून त्याच्या विनयाचा आदर करावा.

इतके करूनही घरात कोणी त्या तोटीला हात लावायला तयार नसेल, तर नाउमेद होऊ नये. तुळशीचे लग्न आटोपले की थंडी आणि लग्नसराई बरोबरच सुरू होतात, आणि नव्या संसाराला गरम पाणी हवेच असते. खोका रंगीत कागदात गुंडाळून आहेरात द्यावा. वर आपले नाव मात्र घालू नये, आयातदारानेही घातलेले नाही.